आयर्लंडचा नाताळ पहिल्यांदा करताना: पुडिंगपासून बायकांच्या नाताळापर्यंत

आयर्लंडमध्ये नाताळ म्हणजे २५ डिसेंबर एवढंच डोक्यात ठेवून तयारीला लागलात, तर तीन ठिकाणी अडकाल. पुडिंगला महिनाभर उशीर झालेला असेल. खाटकाने टर्कीची ऑर्डर घेणं बंद केलेलं असेल. आणि ६ जानेवारीला गावातली सगळी कॅफे बायकांनी का भरून वाहतायत, हे कळणार नाही. आयरिश नाताळ ८ डिसेंबरला घरात येतो आणि ६ जानेवारीला घराबाहेर पडतो. गणपती कधी बसवायचे आणि कधी उठवायचे हे जसं ठरलेलं असतं, तसंच इथेही प्रत्येक गोष्टीला दिवस ठरलेला आहे.

डब्लिन, कॉर्क, गॉलवे, लिमरिक इथे नुकत्याच आलेल्या मराठी घरांसाठी, आणि आयरिश घरात सून किंवा जावई म्हणून गेलेल्यांसाठी हे टिपण आहे. यातलं सगळं प्रजासत्ताक आयर्लंडबद्दल आहे. बेलफास्टकडे, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, काही नावं आणि नियम वेगळे आहेत.

आधी जमवायच्या वस्तू

- दीड लिटरचं पुडिंगचं भांडं. झाकणाचं प्लास्टिकचं चालेल, चिनी मातीचं उत्तम
- बेकिंग पार्चमेंट, जाड ॲल्युमिनियम फॉइल, सुती दोरा
- साधारण ३ सेंटिमीटर जाडीची, निदान २५ सेंटिमीटर उंचीची एक मेणबत्ती. पांढरी किंवा लाल
- एक मोठा टर्निप. इथल्या भाजीवाल्याकडे टर्निप मागितला की आतून पिवळसर असलेला मोठा कंद मिळतो, पांढरा सलगम नव्हे. आपल्याला तो पिवळाच हवा
- मांसाचं तापमान मोजायची सुई असलेला थर्मामीटर
- हॉलीच्या, म्हणजे काटेरी पानांच्या आणि लाल फळांच्या झाडाच्या, फांद्या. खऱ्या झाडासाठी पाण्याची वाटी असलेला स्टँड
- बिस्किटांचे दोन-तीन डबे. कोण कधी दारात येईल सांगता येत नाही

१. नोव्हेंबर संपण्याआधी: पुडिंग

ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधीचा शेवटचा रविवार, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरमधला जो येईल तो, पुडिंग ढवळण्याचा रविवार. प्रथा मूळची अँग्लिकन चर्चची, पण पुडिंग सगळेच करतात. बरीच घरं तर ऑक्टोबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीतच उरकून टाकतात. पुडिंग मुरायला किमान चार आठवडे द्यायला हवेत. लोणच्याचं जे गणित, तेच इथे.

आठ-दहा जणांसाठी:

- मनुका १७५ ग्रॅम, सुलताना (फिकट मनुका) १७५ ग्रॅम, करंट्स (बारीक काळ्या मनुका) १०० ग्रॅम
- मिक्स्ड पील, म्हणजे संत्र्यालिंबाची साखरेत मुरवलेली साल, ५० ग्रॅम. बदामाचे काप ५० ग्रॅम
- गडद ब्राउन शुगर १२५ ग्रॅम
- शिळ्या पांढऱ्या पावाचा चुरा १०० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम
- सुएट १०० ग्रॅम
- अंडी २
- स्टाउट, म्हणजे काळी बिअर, १०० मिलिलिटर, व्हिस्की ३० मिलिलिटर
- किसलेलं ब्रॅमली (शिजवायचं आंबट) सफरचंद १, एका लिंबाची साल आणि रस
- मिक्स्ड स्पाइस दीड छोटा चमचा, जायफळ पाव चमचा, चिमूटभर मीठ

इथे दोन ठिकाणी हमखास फसायला होतं. सुएट म्हणजे गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. गोमांस न खाणाऱ्या घरात व्हेजिटेबल सुएटच आणा. दुकानात ते शेजारच्याच फळीवर, जवळजवळ तशाच खोक्यात असतं, म्हणून खोक्यावरचं नीट वाचा. दुसरं, मिक्स्ड स्पाइस संपला म्हणून घरातला गरम मसाला घालू नका. त्यातली मिरी, जिरं आणि तमालपत्र पुडिंगला भाताच्या मसाल्याचा वास देतात. दालचिनी, लवंग, सुंठ आणि जायफळ कुटून घेतलंत तरी भागतं.

सगळा सुका मेवा, साल आणि सफरचंद स्टाउट-व्हिस्कीत रात्रभर भिजवा. सकाळी उरलेलं सगळं मिसळा. घरातल्या प्रत्येकाने एकदा ढवळायचं आणि मनात एक इच्छा धरायची. ढवळण्याची दिशा पूर्वेकडून पश्चिमेकडे, बाळ येशूला भेटायला तीन राजे आले त्या बाजूने. मिश्रण चमच्यावरून जडपणे, पण आपणहून पडलं पाहिजे. चमच्याला चिकटून राहिलं तर आणखी दोन चमचे स्टाउट घाला.

भांड्याला आतून लोणी फासा, मिश्रण दाबून भरा, वर अडीच सेंटिमीटर जागा ठेवा. पार्चमेंटला मध्ये एक चुणी घालून तोंडावर बसवा, त्यावर फॉइल, तीही चुणी घालूनच. पुडिंग फुगतं तेव्हा ही चुणी उलगडते. चुणी नसेल तर कागद फाटतो, पाणी आत जातं आणि वरचा थर लगदा होतो. दोरा भांड्याच्या काठाखाली करकचून बांधा आणि त्याचीच एक मूठ वर आणून ठेवा, नाहीतर उकळत्या पातेल्यातून भांडं काढताना हात भाजतील.

मोठ्या पातेल्यात बशी उपडी ठेवून त्यावर भांडं ठेवा, अर्ध्या उंचीपर्यंत उकळतं पाणी घाला, झाकण लावा आणि मंद आचेवर ६ तास वाफवा. दर ४० मिनिटांनी पाणी बघा. घालायचं ते उकळतंच घाला, गार पाण्याने वाफ मोडते. पाणी आटून पातेलं करपणं ही पुडिंग बिघडण्याची सगळ्यात नेहमीची रीत आहे, तेव्हा ६ तास घराबाहेर पडायचं काम काढू नका. गार झाल्यावर कागद-फॉइल नवीन बांधा आणि अंधाऱ्या थंड कपाटात ठेवा. खायच्या दिवशी पुन्हा २ तास वाफवायचं.

दारू नको असेल तर स्टाउट-व्हिस्कीऐवजी कोरा गार चहा आणि संत्र्याचा रस वापरा. मग मात्र ते कपाटात टिकणार नाही. फ्रीझरमध्ये टाका किंवा नाताळच्या आठवड्यातच करा.

२. ८ डिसेंबर: झाड आणि हॉली

८ डिसेंबर हा मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण. पूर्वी या दिवशी गावाकडची माणसं आगगाडीने डब्लिनला खरेदीला यायची. आता खरेदी वर्षभर चालते, पण झाड लावायचा दिवस म्हणून ही तारीख टिकून आहे. हल्ली लोक १ तारखेलाच लावतात. खरं झाड असेल तर तेवढी घाई करू नका, ६ जानेवारीपर्यंत सुया टिकायच्या आहेत.

नॉर्डमन किंवा नोबल फर घ्या, यांच्या सुया कमी गळतात. विक्रेत्याकडून बुंध्याची दोन सेंटिमीटर चकती ताजी कापून घ्या. जुन्या कापावर डिंक धरलेला असतो आणि झाड पाणीच ओढत नाही. पहिल्या दिवशी ते लिटर-दोन लिटर पाणी पितं, म्हणून वाटी सकाळ-संध्याकाळ भरा. रेडिएटरशेजारी ठेवलंत तर दहा दिवसांत खराटा होईल.

हॉली दुसऱ्याच्या कुंपणातून विचारल्याशिवाय तोडू नका. शेतकरी बहुधा हो म्हणतो, पण न विचारता तोडलेलं त्याच्या नजरेतून सुटत नाही. जुनी माणसं हॉली २४ तारखेआधी घरात आणू देत नाहीत, अपशकुन मानतात. त्यांच्या घरी असाल तर तोवर फांद्या बाहेर बादलीत ठेवा. लाल फळं विषारी असतात. रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर फांद्या वरच लावा.

गाईचा गोठा, मेरी, जोसेफ असा क्रिब मांडायचा असेल तर बाळ येशूची मूर्ती आत्ता ठेवायची नाही. ती २४च्या रात्री येते. तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात आणि मुलं त्यांना रोज थोडं पुढे सरकवतात. ते ६ जानेवारीला गोठ्यात पोचतात.

झाडाआधी घर झाडायचं असतं. खेड्यात पूर्वी नाताळापूर्वी भिंतींना चुना आणि चिमणीची सफाई ठरलेली. दिवाळीआधीची आवराआवर ज्यांनी केली आहे, त्यांना याचं काही वेगळं सांगायला नको.

३. मधले दिवस: ऑर्डर, वेळा आणि शाकाहाराचा खुलासा

ताजी टर्की आणि हॅम हवं असेल तर खाटकाकडे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा. ५ किलोची टर्की आठ-दहा जणांना पुरते. फ्रोझन आणलीत तर फ्रिजमध्ये वितळायला दर २ किलोला साधारण २४ तास धरा. म्हणजे ५ किलोची टर्की २२ तारखेला सकाळीच फ्रीझरमधून खाली आली पाहिजे. ओट्यावर ठेवून वितळवू नका, बाहेरचा भाग खराब होईपर्यंत आतला गोठलेलाच राहतो.

कॉर्ककडे नाताळात स्पाइस्ड बीफ असतं: मीठ, साखर आणि मसाल्यात मुरवून मग उकळलेलं गोमांस, थंड करून पातळ कापलेलं. कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये ते रचून ठेवलेलं दिसेल. रंग काळपट असल्यामुळे ओळखू येत नाही आणि पार्टीत सँडविचमधून समोर येतं. खात नसाल तर विचारून मगच घ्या.

आयरिश घरी जेवायला बोलावलंय आणि तुम्ही शाकाहारी आहात? निदान दोन आठवडे आधी सांगा, आणि नुसतं शाकाहारी म्हणून थांबू नका. मासे नाही, चिकनचा स्टॉक नाही, जिलेटिन नाही, असं फोडून सांगा. या जेवणात मांस लपायच्या जागा पुष्कळ आहेत. भाजलेले बटाटे बदकाच्या चरबीत केलेले असतात. स्टफिंगमध्ये सॉसेजचं मांस असू शकतं. ट्रायफलच्या जेलीत जिलेटिन असतं, मिन्स पायमध्ये (सुक्या मेव्याचं सारण भरलेल्या छोट्या पायमध्ये) सुएट. यजमानाला हे सांगण्यात संकोच बाळगू नका. आयत्या वेळी ताट तसंच ठेवलंत तर त्यांना जास्त लागतं.

कचेरीत क्रिस किंडल असतं: चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला ठरलेल्या रकमेत गुपचूप भेट द्यायची. रक्कम ओलांडू नका. आपल्याकडे जास्त दिलं की मोठेपणा वाटतो, इथे समोरचा अवघडतो. एका संध्याकाळी बारा पब्जची फेरी निघाली तर जाऊन या, पण बाराही पूर्ण करायची सक्ती नसते. चौथ्यानंतर निघून गेलेल्याची कोणी आठवणही काढत नाही.

आता बंद काय काय असतं ते:

- २५ डिसेंबरला बस, लुआस (डब्लिनची ट्राम), रेल्वे काहीच धावत नाही. डब्लिन विमानतळ वर्षातून याच एका दिवशी बंद असतो. २४ तारखेला बस रात्री लवकर थांबतात.
- लांब पल्ल्याची रेल्वे २६ तारखेलाही सहसा बंद असते.
- दुकानातली दारूविक्री सोमवार ते शनिवार सकाळी साडेदहा ते रात्री १०, रविवारी दुपारी साडेबारापासून. २५ तारखेला विक्री नाही आणि पबही बंद.
- डॉक्टर आणि नेहमीची औषधं २० तारखेच्या आत उरका.

४. २४ डिसेंबर, दिवे लागणीला: खिडकीतली मेणबत्ती

सगळ्या प्रथांमधली एकच करायची असेल तर ही करा. रस्त्याकडच्या खिडकीत अंधार पडताना एक मोठी मेणबत्ती लावायची. बेथलेहेमात मेरी आणि जोसेफला कुठे थारा मिळाला नाही, निदान या घरात मिळेल, असा तिचा अर्थ. कॅथलिकांवर बंदी घालणाऱ्या कायद्यांच्या काळात ती लपूनछपून फिरणाऱ्या धर्मगुरूंसाठी खूण होती, असंही परंपरा सांगते. मेरी रॉबिन्सन १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांनी फीनिक्स पार्कमधल्या राष्ट्राध्यक्ष निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा लावला. तो देश सोडून गेलेल्या आयरिश लोकांसाठी. तेव्हापासून परदेशी गेलेल्या मुलांसाठी लावलेला दिवा हा अर्थही त्या मेणबत्तीला चिकटला. सातासमुद्रापार येऊन राहिलेल्या घरात ती लावताना हे ठाऊक असलेलं बरं.

टर्निपचा स्टँड असा करा. कंदाचं बूड सपाट कापा, टेबलावर ठेवून हलत नाही ना ते बघा. वरून मेणबत्तीच्या जाडीपेक्षा किंचित लहान, ४ सेंटिमीटर खोल भोक चमच्याने कोरा. मेणबत्ती फिरवत आत दाबा. सैल वाटली तर बुडाशी फॉइलची पट्टी गुंडाळा. भोवती हॉलीची पानं टूथपिकने खोचा, मात्र ज्योतीपासून निदान १५ सेंटिमीटर खाली. टर्निपला पाणी सुटतं, म्हणून खाली बशी ठेवा, नाहीतर खिडकीच्या पांढऱ्या फळीवर डाग पडेल आणि घरमालक अनामत रकमेतून कापून घेईल.

घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाने मेणबत्ती पेटवायची. काही घरांत ती विझवायचा मान मेरी नावाच्या बाईचा असतो. पूर्वी ती रात्रभर जळायची. तुम्ही ठेवू नका. पडदे पूर्ण बाजूला बांधा, खिडकी बंद ठेवा, झोपण्याआधी विझवा आणि तिच्या जागी बॅटरीची लावा. अनेक आयरिश घरांत आता सात दिव्यांची विजेची कमान असते आणि तिला कोणी नाव ठेवत नाही.

२४ तारखेला पूर्वी उपवास असायचा आणि संध्याकाळी लिंग नावाचा खारवलेला सुका मासा, पांढरा सॉस आणि बटाटे असं साधं जेवण. मासा दोनदा पाणी बदलून रात्रभर भिजवावा लागतो. सुक्या बोंबलावर वाढलेल्या कोकणी माणसाला त्याचा वास घरचाच वाटेल.

चर्चमध्ये मिस्साला कोणीही जाऊ शकतं. मध्यरात्रीची म्हणतात ती मिस्सा आता बहुतेक ठिकाणी ८-९ वाजताच होते, वेळ पॅरिशच्या फलकावर बघा. अर्धा तास आधी पोचा. कम्युनिअनच्या वेळी रांगेत जाऊन प्रसादासारखी भाकर घेऊ नका, ती दीक्षा घेतलेल्यांसाठीच असते. जागेवर बसून राहा, किंवा हात छातीवर दुमडून पुढे जा, धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात.

झोपायच्या आधी सांतासाठी एक मिन्स पाय, एक ग्लास स्टाउट आणि रेनडिअरसाठी गाजर. गाजराला दातांचे ठसे उमटवायची जबाबदारी मोठ्यांची.

५. २५ डिसेंबर: जेवण

हा दिवस घरच्यांचा. दिवाळीच्या फराळाला जातो तसं न सांगता शेजाऱ्याकडे जाऊ नका, त्यासाठी २६ तारीख आहे. भेटलात तर आयरिशमध्ये नाताळच्या शुभेच्छा द्या: एकाला म्हणा ‘नॉलिग हना दित’, अनेकांना ‘नॉलिग हना दीव’. उत्तरेकडे ‘दित’चा ‘डिच’ ऐकू येईल.

हॅम खारवलेलं असतं. आदल्या रात्री थंड पाण्यात बुडवून ठेवा. ताज्या पाण्यात दर ५०० ग्रॅमला २० मिनिटं आणि वर आणखी २० मिनिटं मंद उकळा. कातडी काढा, चरबीवर चौकटी कापा, प्रत्येक चौकटीत लवंग टोचा, मोहरी आणि ब्राउन शुगर फासून २०० अंशांवर २० मिनिटं भाजा.

टर्की धुऊ नका. कोंबडी नळाखाली धुण्याची आपली सवय इथे सोडायची: पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू अख्ख्या ओट्यावर उडतात. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा. ७५ अंश दिसल्याशिवाय बाहेर काढू नका आणि काढल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. त्या अर्ध्या तासात ओव्हन बटाट्यांना मोकळा मिळतो. रूस्टर जातीचे बटाटे १० मिनिटं उकडून, पाणी काढून, झाकण ठेवून पातेलं जोरात हलवा. कडा खरखरीत झाल्या की कुरकुरीतपणा येतो. तेल आधी ओव्हनमध्ये तापलेलं असलं पाहिजे.

जेवण दुपारी २ ते ४ च्या दरम्यान. ताटाशेजारचा क्रॅकर, म्हणजे दोन टोकांनी ओढून फोडायची कागदी नळी, एकट्याने फोडायचा नाही, शेजाऱ्याबरोबर ओढायचा. आतला कागदी मुकुट डोक्यावर ठेवायचा आणि जेवण होईस्तोवर काढायचा नाही. आजोबाही काढत नाहीत.

पुडिंग पेटवताना: ५० मिलिलिटर व्हिस्की पळीत कोमट करा, उकळू देऊ नका, उकळली तर पेटणारा भागच उडून जातो. पुडिंगवर हॉलीची फांदी खोचली असेल तर आधी काढून ठेवा. खोलीतले दिवे बंद करा, लांब काडीने पळीतच पेटवा आणि ओता. निळी ज्योत अर्ध्या मिनिटात आपणहून विझते. वर पंखा किंवा कागदी सजावट नको.

सकाळी डब्लिनच्या सँडिकोव्हमधल्या फॉर्टी फूटला किंवा गॉलवेजवळच्या सॉल्टहिलला लोक समुद्रात उड्या मारतात. पाणी १० अंशांच्या आसपास असतं. पहिल्या मिनिटाला श्वास अडकतो, म्हणून उडी न मारता पायऱ्यांनी उतरा, दोन मिनिटांत बाहेर या आणि गरम कपडे आधीच उलगडून ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर काठावर थर्मास धरून उभे राहा, त्यालाही मान आहे.

६. २६ डिसेंबर: रॅनचा दिवस

याला बॉक्सिंग डे म्हणू नका. हा सेंट स्टीफन्स डे, आयरिशमध्ये ‘लॉ एला श्टिफॉन’. याच दिवशी रेनबॉइज निघतात. रेन म्हणजे अंगठ्याएवढा तपकिरी पक्षी. केरीकडे त्याला ‘रॅन’ म्हणतात. सर्वांत उंच उडेल तो राजा, अशी पैज लागली तेव्हा हा गरुडाच्या पिसांत लपला आणि शेवटी त्याच्याही वर उडाला. पण सेंट स्टीफन लपून बसला असताना याच्या किलबिलाटाने तो पकडला गेला, अशीही कथा आहे. म्हणून राजा असूनही तोच गुन्हेगार. पूर्वी त्याला मारून हॉलीच्या फांदीवर टांगून दारोदार फिरवत आणि त्याला पुरण्यासाठी म्हणून पैसे मागत. आता खरा पक्षी कोणी मारत नाही, कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. कापडाचा किंवा लाकडाचा पक्षी, रंगीत फितींनी सजवलेली काठी, पुढे बोड्रान (डफासारखं वाद्य) आणि टिन व्हिसल (पत्र्याची बासरी). शिमग्याचं सोंग पाहिलेल्याला हे परकं वाटणार नाही.

बघायचं असेल तर केरीतलं डिंगल. तिथे गोट स्ट्रीट, जॉन स्ट्रीट, की, ग्रीन अँड गोल्ड असे गट गवताचे पोशाख घालून गल्ल्यांतून वाजवत जातात. २६ तारखेला लांब पल्ल्याची रेल्वे नसते, तेव्हा २४लाच पोचून मुक्काम करा. डब्लिनमध्ये सँडिमाउंटलाही रॅन निघतो.

सामील व्हायचं असेल तर:

- अंगरखा उलटा घाला, वर जुनी जाळीची पडदी, फिती. शंकूच्या आकाराची गवती टोपी करायची तर ओटचा हाताने कापलेला लांब पेंढा लागतो. मोठ्या यंत्रातून निघालेला पेंढा तुटका आणि चेचलेला असतो, विणला जात नाही.
- जुन्या फोटोंत काजळी फासलेले चेहरे दिसतील. ते आता करू नका, त्याचा अर्थ वंशद्वेषी लागतो. हिरवा-सोनेरी रंग किंवा मुखवटा वापरा.
- पेंढ्याचा पोशाख घालून सिगारेट ओढणाऱ्यांपासून लांब उभे राहा.
- बोड्रानवर बकऱ्याचं कातडं असतं, पावसात ते सैल पडतं आणि आवाज बसतो. आगीवर धरून तापवू नका, तडकेल. पिशवीत ठेवा आणि वाजवतानाच काढा. टिन व्हिसल डी स्वराची घ्या, सगळे तीच वाजवतात.
- घरोघर किंवा रस्त्यावर पैसे गोळा करायचे असतील तर गार्डाची, म्हणजे पोलिसांची, लेखी परवानगी लागते. नव्या माणसाने स्वतःचा गट काढण्यापेक्षा परवानगी असलेल्या गटाबरोबर जावं.

७. ३१ डिसेंबर

याचं जुनं नाव ‘ईहा ना कोडा मोरा’, मोठ्या वाट्याची रात्र. पोटभर जेवायचं, म्हणजे वर्षभर ताटात कमी पडत नाही. मग घरच्या बाईने पाव दारावर आपटून भुकेला हाकलायचं. करायचंच तर सोडा ब्रेड घ्या, नरम पावाचा भुगा होतो. मागचं दार उघडून जुनं वर्ष जाऊ द्यायचं आणि पुढचं उघडून नव्याला घ्यायचं, असंही करतात. डिसेंबरातल्या वाऱ्यात एवढं दोन मिनिटांत उरका.

८. ६ जानेवारी: नॉलिग ना मॉन

बायकांचा नाताळ. महिनाभर राबलेल्या बाईने या दिवशी चूल-भांडी हातात घ्यायची नाहीत, घरातल्या पुरुषांनी घ्यायची. कॉर्क आणि केरीत ही प्रथा कधी तुटली नाही, अलीकडे डब्लिनमध्येही पुन्हा आली आहे. पूर्वी बायका एकमेकींकडे जमून चहा, केक आणि उरलेला सुका मेवा संपवत. आता कॅफेत आणि हॉटेलात जातात. ६ तारखेला सुट्टी नसते, जागा आठवडाभर आधी राखून ठेवा. आठ दिवसांनी संक्रांत येते, तेव्हा मराठी मैत्रिणींनी या वर्षी हळदीकुंकवाला आयरिश शेजारणीला बोलवायचं की ६ तारखेला तिच्याबरोबर जायचं, हे आधीच ठरवा. दोन्ही केलंत तर उत्तम.

आदल्या संध्याकाळी जुन्या घरांत बारा मेणबत्त्या लावत, प्रेषितांच्या नावाने. ज्याची आधी विझेल तो घरात आधी जाईल, असाही समज होता. त्यामुळे मेणबत्त्यांना नावं देऊ नका, नुसत्या लावा.

पुरुषांसाठी त्या दिवशीचं काम:

1. झाडावरचे दिवे, हुक आणि चमकी एकूण एक काढा. चमकी राहिली तर कौन्सिलच्या संकलन केंद्रावर झाड घेत नाहीत. केंद्रांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. फांद्या शेकोटीत जाळू नका, राळेने चिमणीत आग लागते.
2. ६ तारखेआधी सजावट उतरवू नका आणि नंतरही ठेवू नका. दोन्हीला अपशकुन म्हणतात.
3. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि गुंडाळण्याआधी एकदा लावून बघा.
4. उरलेलं पुडिंग बोटभर जाड कापून लोण्यात दोन्ही बाजूंनी लालसर परता, वर थोडं क्रीम घाला. चहाबरोबर ताट बायकांसमोर ठेवा आणि कढई स्वतः घासा.